आठ नंबरचा ताप

देवराव मुनेश्वर दुकानात आलेल्या माणसाला 'बसा' म्हणत नाहीत. आधी ताप सांगतात.

"तीन नंबर बेचाळीसवर हाय. पाच नंबर मस्त. आठ नंबरचं मातर काई खरं नाई."

नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, आतल्या खोलीत दवाखाना आहे. आतल्या खोलीत दवाखाना नसून नऊ हार्ड डिस्क आहेत.

बाभुळगावात देवरावभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि सीझनमध्ये लग्नाचं शूटिंग. माझं बातमीदारीचं टेबल शेजारच्या गाळ्यात असल्यामुळे आणि माझ्याकडचा पंखा नुसता फिरत असल्यामुळे, वारा देत नसल्यामुळे, मी दुपारी त्यांच्याकडे बसतो. काउंटरच्या कडेच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी, विमलवहिनी, असतात. लकव्याने त्यांची वाचा गेली. उजवा हातही गेला. डावा चालतो, आणि त्या हातातल्या अंगठीने त्या काउंटरच्या काचेवर टकटक करतात. एक टक म्हणजे नाही. दोन टक म्हणजे हो. देवरावभाऊंच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच येते.

लग्नाची फिल्म तयार झाली, गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह दिला, की बाकीचे फोटोवाले मूळ शूटिंग पुसून टाकतात. देवरावभाऊ पुसत नाहीत. तयार फिल्ममध्ये मूळ आवाज काढून गाणी भरलेली असतात, हललेलं-डुललेलं कापलेलं असतं. मूळ शूटिंगमध्ये मात्र सगळं असतं: वाकडा कॅमेरा, कुणाची तरी पाठ, जेवणाच्या रांगेतली भांडणं. तालुक्याचा हा सगळा कच्चा माल त्यांच्या नऊ डिस्कांवर साठला आहे.

या डिस्का वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वयाच्या. एक सॉफ्टवेअर त्यांना जोडून कॉम्प्युटरला एकच मोठी डिस्क असल्याचं भासवतं. देवरावभाऊ त्याला 'एकत्र कुटुंब' म्हणतात. "भायेरून एकच दरवाजा. आत नऊ चुली." त्यातल्या तयार फिल्मांची प्रत आपोआप दोन डिस्कांवर जाते, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर लग्न शाबूत. कच्च्या मालाला एवढी जागा नव्हती. तो एकेकाच डिस्कवर होता.

दुसरं सॉफ्टवेअर या कुटुंबावर नजर ठेवतं. कोण तापलं, कोण थकलं, कोण कामात चुकलं हे ते सांगतं. त्याचं नाव 'कोतवाल'. कोतवालाने ताप जास्त सांगितला, की देवरावभाऊ उलटा तळवा डिस्कच्या अंगाला लावून पाहतात आणि मगच विश्वास ठेवतात.

यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचं समजेल. दुकानात एक कूलर आहे, आतल्या खोलीच्या उघड्या दारात. तो गिऱ्हाइकांकडे पाठ करून डिस्कांवर वारा घालतो. त्यात पाणी नसतं.

"पानी काहून नाई टाकत?" मी विचारलं.

"त्याइले ओल चालत नाई."

"अन् आमाले?"

"तुमाले काय होते? तुमी खराब झाले तं तुमचा डेटा थोडीच जाते."

वहिनींनी दोनदा टकटक केली.

कोतवाल धोक्याची सूचना फोनवर पाठवतो. ती कानावर पडावी म्हणून देवरावभाऊंनी तिला ॲम्ब्युलन्सचा भोंगा लावला होता. ढाणकीच्या एका लग्नात नवरदेव हार घालण्यासाठी वाकला आणि स्टेजवर भोंगा वाजला. मंडपातली निम्मी माणसं बाहेर धावली. "कोन पडलं? कोन पडलं?"

"कोनी नाई पडलं," देवरावभाऊ कॅमेरा न हलवता म्हणाले. "आठ नंबर हाय, घरचा."

हा आठ नंबर कोण, याची मुलीच्या मामांनी दोन्ही पक्षांत चौकशी केली. तेव्हापासून देवरावभाऊ लग्नात भोंगा बंद ठेवू लागले. यंदा सीझन सुरू होताना बंद केला आणि सुरू करायचा विसरले. एरवी रोज ताप सांगणारा माणूस लग्नांमागे धावत होता. कोतवाल ओरडत होता, ऐकायला कोणी नव्हतं.

सीझन उतरल्यावर त्यांनी कोतवालाचा पडदा उघडला. आठ नंबरसमोर लाल खूण होती, आणि खाली चुकांचा आकडा वाढतच होता. कुटुंबातल्या इतर डिस्कांवर त्याचा माल हलवायला गेले, तर काम थोडं पुढे जाई आणि अडून बसे. आठ नंबरवर जवळजवळ सगळा कच्चा माल होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गावातल्या प्रत्येकाचं मत एकच होतं. फिल्मा सुरक्षित आहेत, गिऱ्हाइकांना पोचल्या आहेत. कचरा गेला तर जाऊ द्या, उलट जागा मोकळी होईल. देवरावभाऊंनी जेवणाचा डबा उघडला नाही. पासपोर्ट फोटोला आलेल्या एका मास्तरांचं डोकं कापलं.

"भाऊ," ते मला म्हणाले, "त्या सॉफ्टवेअरवाल्याइले इंग्रजीत लिहा."

"काय लिहू?"

"लिहा, आमचा आठ नंबर घास घेते अन् गिळत नाई. जुना हाय, पन इमानदार हाय. काई उपाव सांगा."

मी यातलं जमेल तेवढं लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: केबल बदलून पाहिली का?

देवरावभाऊ दुखावले. "मी हार्ट अटॅक सांगून राह्यलो, अन् हे मले चपलीचा अंगठा विचारून राह्यले!"

त्यांनी मग केबल सोडून सगळं केलं. कॉम्प्युटर बंद-चालू केला. कुटुंबाची वाटणी करून पुन्हा एकत्र केलं. आठ नंबरला तळवा लावून बसले, ताप नव्हता. वहिनी खुर्चीतून बघत होत्या. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली आणि डावं बोट डिस्कांच्या मागे दाखवलं.

"केबल म्हन्ते?"

दोन टक.

"तू बी त्याइच्याच पार्टीत?"

दोन टक.

त्यांनी कूलर सरकवला. मे महिन्यात वारा खेळावा म्हणून त्यांनी डिस्का एकमेकींपासून लांब मांडल्या होत्या. आठ नंबर सगळ्यात टोकाला, ऐन वाऱ्यात. त्याची केबल तारेसारखी ताणली होती आणि खोबणीतून अर्धी निसटली होती. कूलरच्या प्रत्येक थरथरीला ती हलत होती. डिस्क ठणठणीत होती.

"म्हंजे मीच," देवरावभाऊ म्हणाले. "ताप उतरवाच्या नादात मीच मान आवळली याची."

नवी, लांब केबल लावली. माल हलू लागला. या वेळी अडला नाही.

पण त्यांना खात्री हवी होती. सरकलेल्या मालातून त्यांनी एक फाइल उघडली आणि आवाज मोठा केला. पडदा काळा राहिला. मला वाटलं, फाइल गेली. तेवढ्यात त्या काळोखातून बँडचा आवाज आला, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एका बाईचा, खणखणीत, चिडलेला:

"अवो, झाकन काढा ना पयले! कवाचे अंधाराचं शूटिंग करून राह्यले! नवरी गेली ना आत!"

मी देवरावभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता वहिनींच्या खुर्चीकडे बोट केलं.

"लाइट हेच धरे," ते म्हणाले. "सगळ्या लग्नात. मांगं उभी राहे, म्हून कोन्याच फोटोत नाई. फिल्ममधी गाने टाकले, तं तिथूनई गेली." त्यांनी माउस हातात घेतला. "बोलने तेवढं इथंच हाय."

त्यांनी फाइल मागे नेली. काळा पडदा, बँड, आणि पुन्हा तोच आवाज: झाकन काढा ना पयले.

खुर्चीत विमलवहिनींचे खांदे हलत होते. हसू फक्त डाव्या बाजूने येत होतं, पण आवरत नव्हतं.

देवरावभाऊंनी सॉफ्टवेअरची खिडकी उघडली. कच्च्या मालाच्या फोल्डरवर त्यांनी दोन प्रतींची खूण केली. जागा पुरणार नाही, अशी सूचना आली. आठ नंबरच्या जागी म्हणून मागवलेलं दहाव्या डिस्कचं न फोडलेलं खोकं त्यांनी कूलरच्या मागून काढलं.

"घिऊ का हिले घरात?" त्यांनी मागे न पाहता विचारलं.

काचेवर टकटक झाली. दोन.