अनोळखी सातच्या अकरा डुबक्या

ताईचं पत्र ग्रंथपालांनी शब्दकोशात ठेवलं होतं, तेही 'उ'च्या पानांत, म्हणजे उत्तराची आठवण राहील. आठवण रोज होत होती. उत्तर मात्र लिहून झालं नव्हतं.

पत्र लहानच होतं. 'बाळ, दोन वल्हीचा तिसरा भाग आलाय. फक्त नव्या दुकानात मिळतो, म्हणून तिथं खातं काढून घेतला. जुन्या दुकानातलं खातं बंद केलं, दोन दोन पासवर्ड माझ्याच्यानं लक्षात राहत नाहीत. तूही घे. शनिवारी चारला धक्क्यावर आहेच मी. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हं हं करतोस. पत्राचं उत्तर पत्रानंच दे.'

'दोन वल्ही' हा संगणकावरचा खेळ. होडी एक, खेळाडू दोन, प्रत्येकाच्या हाती एक वल्हं. एकट्यानं खेळायला गेलं तर होडी जागच्या जागी गरगर फिरते. भावोजी गेले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ताई तिच्या गावातून आणि ग्रंथपाल त्यांच्या घरातून दर शनिवारी चार वाजता खेळातल्या धक्क्यावर भेटून ती होडी वल्हवत होते. पहिले दोन भाग त्यांनी तीन तीनदा पार केले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ताईचं घराबाहेर फिरणं काय ते एवढंच उरलं होतं.

मग 'घेतो' अशी एक ओळ लिहायला काय हरकत होती? हरकत होती. दोन भाग जुन्या दुकानात विकून तिसरा एकट्या नव्या दुकानाच्या कुलपात ठेवायचा, हे ग्रंथपालांना मुळीच खपणारं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी वाचनालय सांभाळलं. एका ग्रंथाचे दोन खंड आमच्याकडे वाचा आणि शेवट कळायला शेजारच्या वाचनालयाचं कार्ड काढा, असं ते कोणाला म्हणाले असते तर वाचकांनी त्यांना कपाटात कोंडलं असतं. त्या रागात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक जहाल निवेदन लिहिलं. 'वर्षभर आम्ही नव्या दुकानाची पायरी चढणार नाही!' खेळाडूंच्या समितीनं ते डोक्यावर घेतलं. दोन दिवसांत चारशे बारा सह्या झाल्या. पहिली सही अर्थातच लेखकाची, आणि समितीचं चिटणीसपदही त्याच्याच गळ्यात पडलं.

तिसऱ्या दिवशी ताईचं पत्र आलं.

'हो' लिहावं तर शपथ मोडते, 'नाही' लिहावं तर ताई मोडते. ग्रंथपाल मुळात भिडस्त. मुदत टळलेलं पुस्तक परत मागतानाही माफी मागणारा माणूस. त्यांनी काहीच लिहिलं नाही. एक आठवडा गेला, मग दोन, मग इतके गेले, की आधी उशिराची माफी मागणारं पत्र लिहायला हवं होतं, आणि त्या माफीचे शब्द सापडेनात. डोळे मिटले की खेळातला पिवळा रेनकोट घातलेली ताई होडीत एकटीच गोल गोल फिरताना दिसे.

नवव्या आठवड्यात समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष पेशानं दंतवैद्य. समोरच्याला तोंड उघडायला लावून आपणच बोलत राहायची त्यांना सवय होती.

"चिटणीस, आपल्यात फितुरी चाललीय!"

"कोण?" ग्रंथपालांचा आवाज चिरकला.

"तेच शोधायचंय. नव्या दुकानात कोण काय खेळतंय ते सगळ्यांना दिसतं म्हणे. कोणीतरी खोटं नाव घेऊन आत शिरायला हवं. सरळ, निर्मळ माणूस पाहिजे. मी सांगितलं, आपल्या चिटणिसांइतका निर्मळ माणूस नाही."

"पण शपथ..."

"हेर आत गेला तर ती शपथ मोडत नाही हो. मात्र खेळ विकत घ्यायचा नाही! तिथं रेषा आहे."

चोराच्या हाती किल्ल्या आल्या होत्या. शनिवारी पावणेचारला ग्रंथपालांनी नव्या दुकानात खातं काढलं. नाव विचारल्यावर त्यांनी 'अनोळखी' लिहिलं. ते नाव आधीच सहा जणांनी घेतलं होतं, म्हणून ते 'अनोळखी ७' झाले. मग चार वाजायला दोन मिनिटं असताना त्यांनी ती रेषा ओलांडली.

"घेतलात ना शेवटी?" बायको मागून म्हणाली.

"शू! मी हेर आहे."

"असाल. पण घाम पुसा आधी, बटणांवर टपकतोय."

धक्का उजळला. एका खांबावर हिरव्या टोपीतला कोणी 'बत्तीस' नावाचा खेळाडू रिकामा बसला होता. आणि खाली होडीत, डाव्या बाजूला, पिवळ्या रेनकोटात ताई. उजवं वल्हं तसंच पडलेलं होतं. धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत यायला एक छोटी नाव मिळते, ती त्यांनी दोरानं खांबाला बांधली, सात पावलं चालले, परत फिरले आणि दोर ओढून बघितला.

"इथंही?" बायको हसली. घराचं कुलूप लावून सात पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघायचं, हा ग्रंथपालांचा लग्नाच्या आधीपासूनचा नेम होता. "कुलपालासुद्धा तुमचा कंटाळा आला असेल हो."

माईकवर बोलले असते तर आवाज ओळखला गेला असता, आणि धक्क्यावर तो हिरव्या टोपीवाला ऐकत बसलेला. म्हणून त्यांनी लिहिलं, 'नमस्कार. जागा रिकामी आहे का?'

ताईनं वर बघितलं. वल्हं उचललं. आणि त्याचं टोक ग्रंथपालांच्या छातीला लावून त्यांना सरळ पाण्यात ढकललं.

ते वर आले. 'माझा गैरहेतू नाही,' असं लिहिलं. पुन्हा पाण्यात. त्या दिवशी चार वेळा पाण्यात गेले. चौथ्या वेळी हिरव्या टोपीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"अनोळखी माणसाला होडीत घेत नाहीत त्या," बायको म्हणाली. "बरोबरच आहे. ओळख सांगा ना."

"सांगितली आणि समितीला कळलं तर?"

"आणि ताईंना कळलं नाही तर?"

ग्रंथपालांनी संगणक बंद केला.

पुढच्या शनिवारी आणखी चार डुबक्या झाल्या. पाचवीसाठी ते पायऱ्या चढत होते तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. ग्रंथपालांनी घाईत उचलला, आणि संगणकाचा आवाज बंद करायचं राहिलं.

"काय चिटणीस, काही हाती लागलं? आणि हा पाण्याचा आवाज कसला?"

"नळ... नळ आहे."

"बंद करा ना मग! बरं, ऐका. खबर पक्की आहे. 'अनोळखी सात' नावाचा एक इसम दर शनिवारी चारला धक्क्यावर येतो. एक पिवळा रेनकोट त्याला पाण्यात ढकलतो, तरी पुन्हा येतो. एवढी लाचारी! हा आपल्यातलाच आहे, माझं मन सांगतं. तुम्ही त्याचा माग काढा."

"मी?"

"तुम्हीच. सावलीसारखे मागे लागा त्याच्या."

तो आठवडा ग्रंथपालांनी स्वतःच्या मागावर काढला. जेवण जाईना. समितीच्या गटात तर्कांना ऊत आला होता. अनोळखी सातचं नाव कळलं की चारशे बारा जणांसमोर हकालपट्टी करायची असं ठरलं, आणि पत्रकाचा मसुदा चिटणिसांकडे आला. स्वतःबद्दल 'निर्लज्ज' लिहावं की 'पाठीत खंजीर' लिहावं, यावर त्यांनी गुरुवारची अख्खी दुपार घालवली. शेवटी दोन्ही लिहिलं.

शुक्रवारी त्यांनी शब्दकोश उघडला आणि ताईचं पत्र पुन्हा वाचलं. 'धक्क्यावर आहेच मी.' अकरा आठवडे झाले होते. उद्या ओळख सांगायची, मग हकालपट्टी होवो नाहीतर धिंड निघो, असं त्यांनी ठरवलं. मग पाणी प्यायले आणि ठरवलेलं पुन्हा एकदा तपासून बघितलं. ते जागेवर होतं.

शनिवारी तीन डुबक्या खाल्ल्यावर, म्हणजे धीर एकवटायला तेवढ्या लागल्याच, ते निथळत धक्क्यावर उभे राहिले. 'मी' एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"चिटणीस, आज सोडायचा नाही त्याला! आत्ता या क्षणी तो धक्क्यावर उभा आहे. थिजलाय नुसता."

ग्रंथपाल खरोखरच थिजले होते. धक्क्यावर रोज सव्वाचारला सुटणाऱ्या जहाजाचा भोंगा होतो. तो आता झाला. संगणकातून मोठ्यानं घुमला. आणि त्याच क्षणी, तोच भोंगा, फोनमधूनही घुमला.

खांबावरचा 'बत्तीस' उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"अध्यक्ष," ग्रंथपाल हळूच म्हणाले, "आवाज कसला तो?"

"नळ," दंतवैद्य म्हणाले.

"बंद करा ना मग."

"तुमचा अजून चालूच आहे वाटतं."

"हो."

"कधीपासून?"

"तिसरा शनिवार. तुमचा?"

"पहिल्या दिवसापासून," अध्यक्षांचा आवाज एकदम लहान झाला. "काय सांगू तुम्हाला! एकट्याची होडी नुसती फिरते हो. ओळखीचे सगळे चारशे बारा जण बाहेर. भिडू म्हणून एक माणूस मिळत नाही. मीच अडवून ठेवलेत सगळे. निदान तुम्हाला ढकललेलं बघून वेळ जायचा."

"आणि ते पत्रक?"

"कसलं पत्रक?" अध्यक्ष घाईनं म्हणाले. "तपास चालू आहे असं लिहा."

फोन ठेवून ग्रंथपालांनी पडद्याकडे बघितलं. ताई होडीत उभी होती. वल्हं तिनं खाली ठेवलं होतं. पडद्यावर एकेक शब्द उमटू लागला. ताई एका बोटानं लिहायची.

'झाल्या अकरा.'

ग्रंथपालांना काही कळेना. 'काय अकरा?'

'डुबक्या. आठवड्याला एक. पहिल्याच दिवशी दोर बांधून सात पावलं गेलास आणि परत येऊन ओढून बघितलास. जगात असं करणारा गाढव एकच आहे, तो माझा धाकटा भाऊ.'

मागून बायको खुदकन हसली. ग्रंथपालांनी लिहिलं, 'मग आता बसू का होडीत?'

'पत्राचं उत्तर पत्रानं. टाकलंस की बस. तोवर वल्हं मिळणार नाही.' आणि खाली आणखी एक ओळ आली. 'त्या हिरव्या टोपीवाल्याला सांग, टाळ्या वाजवू नकोस. त्याचीही वेळ येईल.'

ग्रंथपाल तडक लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी उशिराची कारणं लिहिली, दुसऱ्यात दुकानांच्या मक्तेदारीवर चार पानं, तिसऱ्यात शपथ म्हणजे काय याची चर्चा. बायकोनं तिन्ही वाचले आणि घडी घालून शब्दकोशात ठेवले.

"दोन ओळी लिहा. त्यांना तेवढ्याच हव्यात."

त्यांनी लिहिलं, 'ताई, तो मीच. शनिवारी चारला येतो, रेनकोट घालून.'

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट फटीतून आत सरकलं, आणि आत कुठंतरी टप्प असा आवाज झाला. अकरा आठवड्यांचं ओझं उतरलेले ग्रंथपाल हलक्या पावलांनी घराकडे निघाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. ते थांबले, परत फिरले आणि पेटीच्या फटीत मनगटापर्यंत हात घालून चाचपू लागले.

"पडलंय हो!" गॅलरीतून बायको ओरडली. "मी आवाज ऐकला इथून!"