हात वर करायची जागा

दरवर्षी सिनेमाच्या मोठ्या पुरस्कारांचा आठवडा आला की आमचे उत्तमनाना कानांत कापूस घालून लग्नं वाजवतात.

नाना बँडमास्तर आहेत. स्वतः क्लॅरिनेट वाजवतात, मागे अकरा माणसं. मी जळगावला असोदा रस्त्यावर मंगल कार्यालय चालवते, त्यामुळे लग्नसराईत आमची सारखी गाठ पडते आणि दर गाठीला भांडण होतं. कापसाचं कारण असं की पुरस्कार एका दिवशी वाटले जातात आणि टीव्हीवर दिसतात पुढच्या रविवारी दुपारी. मधल्या दिवसांत नानांना कोणी निकाल सांगायचा नाही.

"साहेबांचं नाव पुकारतील ते मी साहेबांच्या तोंडाकडं बघत ऐकणार, ताई. भाजीवाल्याच्या तोंडून नाही."

साहेब म्हणजे मुंबईचे एक नामवंत संगीतकार. नाव मी लिहीत नाही. लोक ते लोळत वाचतील आणि नानांना ते चालणार नाही. तर ते आठ दिवस नाना ढोलवाल्याच्या खांद्याकडे बघून ताल ओळखतात, आणि मी "आवरा, मुहूर्त टळतोय" म्हणून ओरडले तर हसून मान डोलावतात. त्यांना वाटतं मी दाद देतेय. एका वर्षी माझ्या आचाऱ्याने त्यांच्या हातावर पेढा ठेवून खुणेनेच "मिळाला" असं सांगितलं. नाना त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. पेढा मात्र डबीत घालून ठेवला आणि रविवारी दुपारी नाव पुकारल्यावर खाल्ला.

त्या रविवारी अकराही जणांनी लाल कोट आणि झालरीची टोपी घालून नानांच्या घरी टीव्हीसमोर बसायचं असतं. मे महिन्यात, एका पंख्याखाली. पुरस्कार साहेबांना मिळाला तर उभं राहून सलामी. दुसऱ्याला मिळाला तर त्या दुसऱ्याची गाणी वर्षभर बंद.

फैजपूरच्या एका नवरदेवाचा भाऊ माझ्या देखत नानांना म्हणाला, "नाना, ते नवीन गाणं घ्या ना, सगळीकडे तेच चाललंय."

"ते नाही वाजणार."

"येत नाही का?"

"येतं. त्यांचा आमचा विषय संपला."

"कोणाचा?"

"त्यांना विचारा. घेताना लाज वाटली नाही."

पोरगा गोंधळून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बाबा, नशीब समज. कारण विचारलं असतंस तर तुझा भाऊ संध्याकाळी बोहल्यावर चढला असता."

ही कारणं हाच खरा घोटाळा. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघतो आणि वाजतगाजत कार्यालयापर्यंत येतो. अंतर अर्धा किलोमीटर. पण प्रत्येक गाण्याआधी नाना हात वर करून वरात थांबवतात आणि माइक घेतात. "मंडळी, आता जे ऐकाल त्याचं संगीत..." मग साहेबांचं पूर्ण नाव, मग त्या गाण्याला कोणता पुरस्कार मिळाला ते. मिळाला नसेल तर का मिळाला नाही ते. हे दुसरं फार लांबतं. एकदा कंटाळून घोडाच नवरदेवाला घेऊन एकटा माझ्या फाटकात आला. मी त्याला पाणी दिलं. दोघांनाही.

"नाना, लोक तुम्हाला बोलवतात. साहेबांना नाही," मी एकदा चिडून म्हटलं.

"फुंक माझी, ताई. बाकी बठ्ठं साहेबांचं."

साहेबांचं एक गाणं आमच्याकडे प्रत्येक लग्नात वाजतं. खान्देशात कुठेही जा, त्या गाण्याच्या मध्यावर ढोल एकदम गप्प होतो, वरात जागच्या जागी थबकते, सगळे दोन्ही हात वर करतात, आणि क्लॅरिनेट एकटीच वळसे घेत खाली उतरते, जिन्यावरून घागर गडगडत यावी तशी. शेवटचा सूर आला की हात खाली, ढोल चालू. एवढीशी ती जागा. ती आली की आजारी माणूससुद्धा खाटेवरून हात वर करतो. नाना म्हणायचे, साहेबांचं अख्खं आयुष्य एका पारड्यात आणि ही जागा दुसऱ्या पारड्यात.

आता गंमत अशी की रेडिओवर ते गाणं लागतं तेव्हा ती जागा नसते. नानांचं म्हणणं, रेडिओवाले जाहिरातींसाठी ती कापतात. त्यांनी त्याबद्दल पोस्टकार्डं लिहिली. पुढे मोबाइलवर गाणं आलं, त्यातही नव्हती. नाना म्हणाले, "बघा. सगळे मिळालेले आहेत."

परवाच्या हिवाळ्यात साहेबांना सरकारचा फार मोठा सन्मान जाहीर झाला आणि धुळ्याच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. मंडळाच्या सचिवाच्या लग्नात नानांनीच वाजवलं होतं, म्हणून फाटकावरच्या स्वागताचं काम नानांना मिळालं. माझ्याकडे येऊन ते म्हणाले, "ताई, तुम्ही चला. मला थांब म्हणणारं कोणीतरी पाहिजे."

"मी थांब म्हटल्यावर तुम्ही कधी थांबलात?"

"म्हणून तर. दुसऱ्याचं तर अजिबातच ऐकणार नाही."

मी गेले. अकरा लाल कोट इस्त्री केलेले, ढोलांना नवीन कापड. नाना सकाळपासून जेवले नव्हते, चहासुद्धा नाही. मला म्हणाले, "साहेब एवढंच म्हणू देत की बरोबर वाजवलं. बाकी काही नको." चाळीस वर्षं ज्या माणसाचं नाव गावोगाव पुकारलं, त्याच्या तोंडून एक "बरोबर". मागणं काही जास्त नव्हतं.

साहेब गाडीतून उतरले. लहानखुरा, थकलेला माणूस, पायांत पांढरे बूट, गळ्यात आधीच तीन हार. नानांनी तेच गाणं धरलं. साहेब हसले, चालत राहिले. मग ती जागा आली. ढोल गप्प झाला, फाटकाबाहेरच्या गर्दीने हात वर केले, आणि साहेब दचकून थांबले. त्यांना वाटलं असावं, पोलीस आले.

गाणं संपल्यावर ते नानांजवळ आले. "हे मध्ये काय वाजवलंत?"

"तुमचीच जागा, साहेब."

"माझी नाही ही."

"तुमचीच आहे साहेब. रेडिओवाले कापतात."

"नाही हो. मी असं केलेलंच नाही तिथे. कुठून आणलंत हे?"

एवढ्यात मंडळाच्या लोकांनी साहेबांना दंडाला धरून समईकडे नेलं. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण मध्ये छायाचित्रकार आले. नाना क्लॅरिनेट तशीच धरून उभे. मी म्हटलं, "नाना, पाणी घ्या." त्यांनी घेतलं नाही. भाषणं झाली, मानपत्र झालं, आम्ही टेम्पोत बसलो.

पारोळ्याला चहासाठी थांबलो, तेव्हा नाना बोलले.

"ताई, आत्ता ध्यानात आलं. कॅसेट होती. पिंपळनेरला लग्न होतं आणि आदल्या दिवशी गाणं बसवत होतो. नेमकं त्या ठिकाणी टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली. किर्र झालं आणि मधलं गायब, एकदम पुढची ओळच लागली. दुसरी कॅसेट आणायची तर धुळ्याला जावं लागलं असतं. मग मी म्हटलं, साहेबांनी इथे काय केलं असेल? असंच केलं असेल. आणि वाजवलं. लोकांनी दुसऱ्यांदा मागितलं. मग जिथं तिथं मागायला लागले. मग मलाच वाटायला लागलं की कॅसेटमध्येच होतं."

"म्हणजे ती तुमची आहे."

"तसं नका म्हणू." त्यांनी कप बाकावर ठेवला. "चाळीस वर्षं साहेबांच्या नावावर मी आपला कचरा खपवला. केवढा गुन्हा आहे हा."

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

चार दिवसांनी माझ्याकडेच लग्न होतं. वरात फाटकाशी आली, नानांनी ते गाणं घेतलं. मध्यावर ढोल सवयीने गप्प झाला. दीडशे माणसांनी हात वर केले. क्लॅरिनेट गप्पच. नानांनी ढोलवाल्याला खूण करून सरळ पुढची ओळ धरली, मोबाइलवर आहे तशी.

लोकांचे हात वरच. खाली कधी घ्यायचे ते कोणाला कळेना. शेवटचा सूरच आला नव्हता. नवरदेवाचा मामा बगलेत पाकीट धरून एकच हात वर करून उभा होता. घोड्यावरच्या नवरदेवाचेही दोन्ही हात वर, लगाम सुटलेला.

"ओ नाना, ते राह्यनं ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

नानांनी बँड थांबवला. माइक घेतला. "मंडळी, ती जागा यापुढे वाजणार नाही. ती साहेबांची नाही."

वरातीत कुजबुज झाली. नवरदेवाची आजी पुढे उभी होती, नऊवारी, पायांत मोजे, दोन्ही हात अजून वर. तिने विचारलं, "मंग कोनी शे ती?"

नानांनी माइक तोंडाजवळ नेला. प्रत्येक गाण्याला कोणी चाल लावली, कोणाला काय मिळालं, हे पाठ असलेला हा माणूस. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. कान लाल झाले होते. साठी उलटलेला माणूस, झालरीच्या टोपीत, फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाला आपण कधी काही विचारलंच नाही.

आत भटजी घड्याळ दाखवत होते. मी पायरीवरूनच ओरडले, "नानांची आहे ती! त्यांनी स्वतः बसवलेली!"

आजीने नानांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग इतला काय लाजस? वाजाड!"

नानांनी क्लॅरिनेट ओठांना लावली. पहिल्या फुंकेला नुसती हवाच गेली. मी तिकडे बघायचं टाळून मामांना बूट कुठे काढायचे ते दाखवायला वळले.

दुसऱ्या फुंकेला सूर लागला.