पायरीवर घासलेली पटाशी

मुलगा रांगायला लागल्यापासून चिनात्सुने घरात टोक म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटांना चिकटपट्ट्या, कात्र्या वरच्या फळीवर वनवासात. माझ्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, असं ती नवऱ्याला ऐकवायची. मुंगी खरंच सुटत नसे. फक्त कुणाला काही विचारायचं तेवढं राहून जाई.

इबुकीच्या पहिल्या वाढदिवशी सकाळी तिच्या सासऱ्यांनी, मिकी गावच्या तोकुझो सुतारांनी, तेलकट फडक्यातून आपली लाडकी पटाशी काढली आणि बैठकीत ठेवली. तिथेच बाळापुढे वस्तू मांडायच्या होत्या. मणीपाटी, कुंचला, फूटपट्टी. बाळ जे उचलेल तो त्याचा धंदा. चिनात्सुच्या नजरेतून ती सुटली नाही. तीन पिढ्यांची सुतारकी, म्हातारा नातवापुढे दुसरं काय ठेवणार! विचारावं, तर ऐन कार्यात वाद. त्यापेक्षा सासरे आंघोळीला गेल्यावर तिने पटाशी उचलली आणि दारातल्या दगडी पायरीवर खसाखसा घासली. लोण्याची सुरीसुद्धा हिच्यापुढे तलवार वाटेल, इतकी बोथट झाल्यावरच तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी पाहुणे जमले. देवळाचे पुजारीही आले. त्यांच्याकडचा कुजलेला खांब सोमवारपासून सासरे दुरुस्त करणार होते. रिवाजाप्रमाणे पाठीवर मोचीचं, म्हणजे चिकट तांदळाच्या जड गोळ्याचं, गाठोडं बांधलेला इबुकी दोनदा बुडावर आपटला. मग सासऱ्यांनी वस्तूंच्या रांगेत आपलं एक हत्यार ठेवलं: रेघा मारायच्या दोऱ्याची शाईची लाकडी डबी. पटाशी त्यांच्या मांडीशीच राहिली. चिनात्सुने पटाशीकडे पाहिलं, मग दारातल्या पायरीकडे.

इबुकीने डबीत दोन्ही हात घातले आणि पुजाऱ्यांच्या पांढऱ्या बाहीवर पुसले. आजोबांची छाती फुगली. सुतारच होणार म्हणत, पुजाऱ्यांना धार दाखवायला त्यांनी नेहमीसारखी पटाशी मनगटावरून फिरवली. एक केस कापला गेला नाही. दुसऱ्या मनगटावर फिरवली. तिथेही तेच.

“केस म्हातारे झाले, तोकुझोसान,” शेजारी हसला.

“केस नाही, हात,” सासरे म्हणाले. “काल दोन तास घासली होती मी.”

पातं निरखायला लागणारा चष्मा आतल्या खोलीत होता. तो मागवावा असंही त्यांना वाटलं नाही. पुजाऱ्यांपुढे वाकून त्यांनी सांगितलं, की स्वतःची धार ज्याला कळेना, त्याने देवाच्या खांबाला हात लावू नये. दुसरा सुतार बघा. चिनात्सु तोंड उघडणार होती. पण पाहुण्यांदेखत कसं बोलायचं, म्हणून ती चहा ओतत राहिली. कप भरून वाहीपर्यंत ओतत राहिली.

पाहुणे गेल्यावर तिने गुडघे टेकले.

“बाबा, हात तुमचा गेला नाही. मी पायरीवर घासली. बाळापुढे ठेवाल असं वाटलं.”

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि पात्यावरचे ओरखडे बराच वेळ पाहिले.

“वर्षाच्या पोरापुढे पटाशी? सूनबाई, मी म्हातारा झालोय, राक्षस नाही. विचारायचं तरी होतंस.”

त्यांनी लगेच देवळात फोन केला. पण शेजारगावच्या सुताराला पुजाऱ्यांनी तोवर शब्द देऊन टाकला होता. पलीकडून ते इतक्यांदा माफी मागत राहिले, की शेवटी सासऱ्यांनाच त्यांची समजूत घालावी लागली.

सोमवारी देवळाकडून ठोके ऐकू यायला लागले. सासरे ओसरीवर बसून चिनात्सुला धारेचा दगड भिजवायला शिकवत होते. ते मधेच थांबले, कान दिला.

“त्याची धार बरी आहे,” ते म्हणाले. “त्याच्याकडे सून नसेल.”