एक ठमी द्या

उकळतं दूध ओट्यावरून थेट पायाशी आलं, तेव्हा घड्याळजींना कळलं की घड्याळाची खीळ ठमीला पुरत नाही. मोडलेल्या ठमीला त्यांनीच ती बसवली होती. बायको जाऊन सात महिने झाले होते आणि दूध तापवणं आता त्यांच्याकडेच होतं. ते तडक भांड्यांच्या दुकानात गेले.

"एक ठमी द्या. मजबूत."

"कोण ठमी?" दुकानदार दचकला.

"कोण काय? ठमी! दुकान थाटलंय आणि वस्तूंची नावं माहीत नाहीत?"

चुकीचं नाव घड्याळजींना कधीच खपत नसे. पट्ट्याला कुणी दोरी म्हटलं, तर गिऱ्हाईक परत पाठवत.

दुकानदारानं किसणी दाखवली, झारा दाखवला. दोन गिऱ्हाईक बायका मदतीला धावल्या. "पुरणयंत्र असेल हो!" माळ्यावरून डबे काढताना अख्खी चळत दुकानदाराच्या डोक्यावर आली. शेवटी घड्याळजींनी खुंटीकडे बोट केलं.

"ही काय ठमी!"

"अहो, ही सांडशी!"

घड्याळजी मट्‌कन स्टुलावर बसले. त्रेचाळीस वर्षं बायकोच्या तोंडून ठमीच ऐकलं होतं!

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली.

"बाबा, ठमी आईची शाळेतली मैत्रीण. हात धरला की सोडायचीच नाही. म्हणून आईनं सांडशीला तिचं नाव ठेवलं."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत? आता सांडशीच म्हणा. लोक हसतील."

घड्याळजींनी नवी सांडशी खिळ्याला टांगली. तिला ठमी म्हणणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ते पातेल्याचं झाकण आणायला गेले. पुढे एक अनोळखी बाई उभी होती.

"मोठी ठमी आहे का हो?"

दुकानदारानं मुकाट्यानं खुंटीवरून एक काढून दिली. घड्याळजींच्या हातातली पिशवी गळाली.

"बाई, ही... सांडशी ना?"

बाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आजोबा, स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेलं दिसत नाही तुम्ही! ठमी म्हणतात हिला. हल्ली आमच्या गल्लीत सगळ्याच म्हणतात."

दुकानदार भिंतीकडे तोंड करून डबे पुसू लागला.

"चुकलंच माझं," घड्याळजी म्हणाले, आणि झाकण न घेताच घरी गेले.