दोन दिवसांची पिशवी

सुमनकाकू गावाला निघाली की आदल्या संध्याकाळी विळीवर साबण कापते. अंगाचा साबण, नवा कोरा. त्याची आंब्याच्या फोडीएवढी चकती ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधते आणि बाकीचा न्हाणीघरात ठेवून देते. त्या विळीवर पुढे चिरलेल्या भाजीला फेस येईल, अशी मला फार भीती वाटायची.

"अख्खी वडी न्यायला काय झालं?" मी एकदा विचारलं.

"दोन दिवसांत अख्खी वडी अंगाला लावून येऊ? मी काय राहायला चाललेय?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. बोर्ली पंचतनला आमची आणि तिची सुपारीची वाडी लागून आहे. मधलं कुंपण गुरांसाठी आहे, काकूला त्याचा कधी अडथळा झालेला नाही. बालवाडीत तिने आम्हा सगळ्यांची शेंबडी नाकं पुसली, त्यामुळे आज माझे केस पांढरे झाले तरी तिच्या लेखी मी सुध्याच. काका गेल्यापासून ती एकटी असते. मुलगा मंदार आणि सून केतकी पनवेलला. दर दीड-दोन महिन्यांनी ती त्यांच्याकडे जाते, तेही दोनच दिवस, आणि कापडी पिशवी घेऊन.

त्या पिशवीत एक साडी, झंपर-परकर, कंगवा, साबणाची ती चकती आणि जुन्या काजळाच्या डबीत मोजून घेतलेल्या गोळ्या. वाचायला म्हणून दिवाळी अंक न्यायचा, तर तोही सबंध नाही. राहिलेली गोष्ट तेवढी फाडून, टाचणी लावून न्यायची. बाकीच्या अंकाचं वजन कशाला, हा तिचा सवाल. त्या अंकांचे मालक बहुतेक वेळा आम्ही असतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्याकडे दोन दिवसांच्या लग्नाला जायचं म्हटलं तरी बायको उशी आणि इस्त्रीसुद्धा बरोबर घेते. शिवाय आमच्या भागात शहराकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही. नारळ, आमसुलं, सुपारी, फणस असं सगळं पोत्यात भरून नेतात आणि एसटीत सहप्रवाशांच्या पायांवर ठेवतात. काकू एक नारळ नेत नाही. "पनवेलला मिळतात नारळ," म्हणते. गावाने यावरून तिला नावं ठेवून पाहिली आणि शेवटी कंटाळून सोडून दिली.

दिघीच्या जेट्टीवरचा तिकीटवालाही तिला ओळखतो. एकदा मीही खाडीपलीकडे आगरदांड्याला जायला त्याच बोटीला होतो.

"काकू, सामान मागं ऱ्हायलंय काय?" त्याने विचारलं.

"हे काय हातात आहे."

"येवढंच? लेकाकडं चाललाव ना?"

"दोन दिवसांना लागतं काय? मी काय राहायला चाललेय?"

बोट सुटल्यावर बाकावर बसून काकूने मला त्या वाक्याचा उगम सांगितला. काका गेले तेव्हा ती मोठी बॅग भरून पनवेलला गेली होती. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची एक बाई बॅगेकडे बघत म्हणाली, "आता राहायलाच आलात वाटतं?" बाई हसून बोलली होती, पण काकू तिसऱ्या दिवशी परत आली. "वाईट नव्हती रे बाई," काकू म्हणाली. "पण लोक आधी बॅग बघतात, मग माणूस."

आता यातली गंमत पाहा. इतकी मोजून-मापून पिशवी भरणारी ही बाई दर खेपेला पनवेलला काहीतरी विसरून येते. कधी कंगवा, कधी चष्म्याचं घर, एकदा तर झंपर. वाडीतल्या सुपाऱ्या जिला झाडागणिक ठाऊक आहेत, तिला पिशवीतल्या चार वस्तू सांभाळता येऊ नयेत? बोर्लीच्या बाजारातला दुकानदार तिला म्हणायचा, "काकू, तुम्ही कंगवे खाता की काय?"

मंदारचा रविवारी फोन येतो. तो घ्यायला काकू कधी कधी आमच्या ओटीवर येते, कारण तिच्याकडे रेंज नसते. रक्तदाब, पाऊस, वाडीचा पंप, सगळं बोलणं होतं. फोन संपला की काकू तो हातातच धरून बसते.

"काय म्हणतोय?" मी एकदा विचारलं.

"सगळं म्हणाला. कंगव्याचं नाही काही म्हणाला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. काकू त्या शब्दाबरोबर एखादी वस्तूही ठेवून येत होती. 'आई, तुमचं हे राहिलंय, न्यायला या,' एवढं कोणीतरी म्हणावं, म्हणून. आणि कोणी म्हणत नव्हतं. मंदारचा मला रागच आला.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला पनवेलला गेलो, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे डोकावलो. दोन शब्द सुनावायचे मनात होते. हात धुतल्यावर केतकीने टॉवेल द्यायला कपाट उघडलं आणि मी तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो. मधल्या कप्प्यात कंगवे ओळीने मांडलेले. चष्म्याचं घर, इस्त्री केलेला झंपर, साबणाच्या चकत्या, टाचणी लावलेल्या गोष्टी. माझ्याच दिवाळी अंकांतल्या.

"आईंचा कप्पा," केतकी म्हणाली.

"अगं, मग फोन का नाही केलास?"

"केला तर पुढच्या खेपेला सगळं घेऊन जातील ना! 'इथेच राहा' म्हटलं की दुसऱ्या दिवशी पिशवी उचलतात. मंदार म्हणतो, काही बोलू नकोस, जमू दे हळूहळू. सगळं सामान इथे आलं की त्यांना परत जायला कारणच उरणार नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्हीकडची माणसं एकाच कपाटाच्या दोन बाजूंना गप्प बसून होती.

गावी आल्यावर मी थेट काकूची ओटी गाठली. ती सुपारी सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

"कंगवे पुसून ठेवलेत का?" एवढंच तिने विचारलं.

"पुसून, ओळीने."

ती पुन्हा सुपारी सोलायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

परवा सकाळी ती कुंपणातून आत आली आणि म्हणाली, "सुध्या, तुझी ती चाकांची मोठी बॅग दे जरा." बॅग माळ्यावर होती. ती काढायला मी जरा जास्तच वेळ लावला, कारण शेजारचं घर बंद दिसायला लागलं तर मला मुळीच आवडणार नाही. धूळ पुसून बॅग तिच्यापुढे ठेवली आणि उसनं हसून तिचंच वाक्य तिला ऐकवलं, "काय गं काकू, राहायला चाललीस काय?"

काकूने बॅगेची चेन उघडून आत डोकावून पाहिलं.

"तो कप्पा केवढा आहे म्हणालास?"