मेणाखालचं पत्र

माफीचं पत्र घेऊन जासूद वेशीबाहेर पडला, आणि फिलेरोस ओपेलियसच्या समोर येऊन उभा राहिला.

"मालक, एक बारीकशी अडचण आहे."

फिलेरोस वीस वर्षं ओपेलियसची भाषणं आणि पत्रं उतरवून घेत होता. त्याच्या बारीकशा अडचणींना ओपेलियस मोठ्या अडचणींपेक्षा जास्त घाबरत असे.

"घरातलं मेण संपलंय. म्हणून जुन्याच लाकडी पाटीवरचं मेण सपाट केलं आणि त्यावर माफी लिहिली. गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतःच्या हाताने मित्राला लिहिलेलं आणि मग न पाठवलेलं पत्र होतं ना, तीच पाटी."

"मग? पुसलंस ना ते?"

"मेणावरचं पुसलं. पण रागात असलात की तुम्ही लेखणी फार दाबता. टोक लाकडात उतरतं."

ओपेलियस तेव्हा रागात होता, याबद्दल शंकाच नव्हती. राज्याचा सर्वोच्च अधिकारी, कॉन्सुल व्हेतुरियस, याने डोंगरावरून रोमच्या नळांना येणारं पाणी वाटेतच आपल्या माशांच्या तळ्याकडे वळवलं होतं. त्यावर ओपेलियसने सिनेटमध्ये तासभर भाषण ठोकलं. उत्तरादाखल कॉन्सुलचा निरोप आला: आज सूर्यास्तापर्यंत लेखी माफी, नाहीतर 'पाणी आणि अग्नी बंद' असा ठराव. म्हणजे हद्दपारी, तीही साठाव्या वर्षी, गुडघ्यांच्या दुखण्यासकट.

ओपेलियसने आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं. रागाच्या दिवसांतली आणखी एक पाटी त्याने अंगणात उन्हात ठेवली. थोड्या वेळाने मेण ओघळून एका कडेला जमलं. खालच्या लाकडावर स्वच्छ अक्षरं होती: 'व्हेतुरियसच्या माशांना आपल्यापेक्षा जास्त पाणी मिळतं. अक्कल तर त्यांना त्याच्यापेक्षा आधीपासूनच जास्त आहे.'

"अहो, जासूद गाढवावरून गेलाय," त्याची बायको सेस्तिया शांतपणे म्हणाली. "दोन तासांची वाट, आणि वाटेत एक झाड नाही."

"तुला हसू येतंय?"

"मी म्हटलंच होतं, माफी मागू नका. माझं कोण ऐकतं!"

ओपेलियसने डोली मागवली आणि फिलेरोसला घेऊन निघाला. भोयांना दुप्पट मजुरी कबूल करूनही जासूद काही वाटेत सापडला नाही.

कॉन्सुलच्या अंगणात, तळ्याच्या काठी, चाळीसेक माणसं रिकामे घडे घेऊन उभी होती. नळ कोरडे पडल्याची तक्रार घेऊन ती सकाळपासून ताटकळत होती. मधोमध कॉन्सुल, आणि त्याच्या हातात ती पाटी. तो हसत होता.

"या, या, ओपेलियस! तुमचं पत्र आत्ताच वाचलं. म्हटलं, या लोकांनाही वाचून दाखवावं."

संपलं, असं ओपेलियसला वाटलं. आणि संपलंच आहे तर भ्यायचं कशाला, असंही वाटलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता? मीच सांगतो!" तो गरजला. मग माशांपासून सुरुवात करून त्याने पाणी, नळ, चोरी आणि व्हेतुरियसची अक्कल असा सगळा हिशेब मांडला. सिनेटमध्ये सभ्यपणापोटी गाळलेला भागही आज गाळला नाही. लोक घडे बडवू लागले.

कॉन्सुलने पाटी ओपेलियसकडे फिरवून धरली. मेण जागच्या जागी होतं. जासुदाने ती आपल्या चीजच्या गोळ्याबरोबर ओल्या फडक्यात बांधून आणली होती.

"यात तर माझ्या उदारपणापुढे तुम्ही मान तुकवली आहे," कॉन्सुल गोड आवाजात म्हणाला. "ऊन फार आहे. डोक्यात गेलं असेल. तसं म्हणा, मी विसरून जातो."

फिलेरोसने मालकाचा अंगरखा मागून हळूच ओढला. "म्हणा मालक. एवढंच तर म्हणायचंय."

ओपेलियसने घड्यांकडे पाहिलं. "ऊन सकाळी डोक्यात गेलं होतं," तो म्हणाला. "पत्र लिहिताना. आता उतरलं."

"मग तुमचं पाणी बंद!"

"आमचं तर कधीचंच बंद आहे," घडा घेतलेली एक म्हातारी म्हणाली. "या बाबा, आमच्या रांगेत उभे राहा." एवढं बोलून ती तळ्याशी वाकली आणि तिने घडा बुडवला. तिच्यामागून दुसरा बुडाला, मग दहावा. एका घड्यात मासाही गेला.

"नावं लिहा!" कॉन्सुल आपल्या लेखनिकावर ओरडला. "एकेकाचं नाव लिहून घ्या!"

ओपेलियस लेखनिकापुढे जाऊन उभा राहिला. त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट; आणि लेखनिक लिहायचा थांबलाय असं पाहून, पुन्हा एकदा, सावकाश.