धरतीला हलकं मटण

पंगतीत मटणाचा रस्सा आला की बाकीचे लोक भाकरी कुस्करायला घेत आणि पुंजूआबा वाढप्याचं मनगट धरत.

"हाऊ बोकड काय खाईसन वाढना?"

वाढपी बिचारा काय सांगणार! तो यजमानाला बोलावून आणायचा. यजमान हात जोडून सांगायचा, बोकड अमक्या पाड्यावरून आणला, डोंगरात चरायचा. मग आबा डोळे मिटत. त्यांना तो बोकड दिसू लागे.

"शेलबारीच्या डोंगराच्या अंगाचा म्हणजे. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, पाणी झऱ्याचं. हलकं मटण!" असं म्हणून ते भाकरी मोडत. बोकड दारात बांधून ज्वारीवर पोसलेला निघाला, तर "जड शे, धरतीले जड शे," एवढं पुटपुटून कांदा-भाकरी खाऊन उठत. पंगतीची लय बिघडायची, पण आबांना बोलावल्याशिवाय गावात कार्य होत नसे.

मी जळगावकडचा. पिंपळनेरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा आबांच्या शेजारची खोली मिळाली. आबा गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारे, होते. आता निवृत्त. घरात एकटेच. कोणतं जनावर काय खातं, किती पितं आणि त्या बदल्यात माणसाला काय देतं, याखेरीज त्यांनी आयुष्यात कशाचा विचार केला असेल असं वाटत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून डोंगरावरचं ऊन उतरताना पाहत ते मला समजावत.

"सगळ्यात हलकी पांझरा नदीतली मरळ मासोळी. तिला कोण चारा घालतं? मग उकिरड्यावरची कोंबडी. मग डोंगरातली बकरी. पण बकऱ्या वाढल्या की डोंगर बोडका होतो, हेही खरं." आणि मग, स्वप्नातून बोलल्यासारखे, "मास्तर, माणसाने खावं, पण धरतीला कळू नये असं खावं."

ज्याला मटण चालत नाही त्यालाही सुटका नव्हती. पेठेतले किराणावाले शेठ एकदा तोऱ्यात म्हणाले, "आबा, आम्ही तर जीव मारतच नाही." आबांनी शांतपणे विचारलं, "शेठ, तुमच्या तुपाची म्हैस दिवसाला किती घागरी पाणी पिते?" शेठ पुढे कित्येक दिवस म्हशीला पाणी पाजताना तिच्याकडे संशयाने बघत.

बहात्तरच्या दुष्काळी वर्षी तर आबांना चेवच आला. रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा. अशात धुळ्याहून एक साहेब जीप घेऊन आले. पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या पिंजऱ्यात. चावडीपुढे गाव जमलं. साहेबांनी या कोंबड्या किती अंडी देतात ते मन लावून सांगितलं. आबा उठले.

"साहेब, ही खाते काय?"

"मका, मिलो, शेंगदाण्याची पेंड."

"मग ही माझ्याच पंगतीला बसली की! ती जेवून उठल्यावर मला काय उरणार?"

गाव हसलं. साहेब भला माणूस, तोही हसला आणि म्हणाला, "आबा, चार तुम्हीच ठेवा. पाळून बघा, मग बोला."

आबांनी चारही घेतल्या आणि त्यांना स्वावलंबी करायचं ठरवलं. पण त्या विलायती बाया उकिरड्यावर पाय ठेवीनात. रिकाम्या वाटीभोवती उभ्या राहून आबांकडे बघत. शेवटी मी सकाळी शाळेत निघालो तर आबा स्वतः उकिरड्यावर, धोतर खोचून, पायाने माती मागे उडवताहेत. "अशी! अशी उकर! किडा दिखस का?" चौघी मान वाकडी करून शिकवणी बघत होत्या. पंधरा दिवसांनी एक जण उकरायला लागली. त्या दिवशी आबांनी मला शाळेतून बोलावून आणलं होतं. बाकी तिघींना अखेर मिलोच द्यावी लागली, आणि ती आबा आपल्या भाकरीतून काढून देत. साहेब पुन्हा आले तेव्हा मात्र आबांनी खरं ते सांगितलं, "अंडी लई देतस. खोटं नही बोलाव. पण धरतीले जड शे."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली पाचोऱ्याला झाली. आबा म्हणाले, "रविवारी दुपारी माझ्याकडे जेवा. गावठी कोंबडा आणतो, उकिरड्यावरचा, मी स्वतः पाहिलेला."

गेलो तर आबा परसात. भर उन्हात, लिंबाखाली तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवून फुंकत बसलेले. काळ्या मसाल्याचा वास दरवळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत स्वयंपाकघरात सारवलेली चूल थंड पडली होती.

"आबा, आत चूल असताना हे काय?"

"घरात नही चालस तिले," आबा फुंकणी बाजूला ठेवत म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. अक्का, त्यांची बायको, महानुभाव पंथातल्या, मांसाला न शिवणाऱ्या घरची. लग्न होऊन आली त्याच दिवशी म्हणाली, तुम्ही खा, पण जिवाचं ओझं घरात आणू नका. आबांना मटण सुटेना आणि तिचा शब्दही मोडवेना. "मग मी तिला पटवायला लागलो. ही बकरी बघ, कोणाचंच काही खात नाही. हा मासा बघ. दवाखान्यातून रोज नवीन काहीतरी घेऊन यायचो. ती भाकरी थापता थापता सगळं ऐकून घ्यायची. हसायची. म्हणायची, उद्या सांगा पुढचं." आबांनी चुलीत लाकूड पुढे सारलं. "सहा वर्षं झाली तिला जाऊन. बठ्ठा गाव पटला मास्तर, तीच राहिली."

आम्ही लिंबाच्या सावलीत जेवलो. वारा पडला होता. रस्सा इतका सुंदर होता की मी तीनदा वाढून घेतला. जेवण झाल्यावर आबांनी पातेलं राखेने घासलं, परसातच रांजणातले दोन तांबे अंगावर ओतून घेतले, धुतलेलं धोतर नेसले आणि मगच उंबरा ओलांडला. आतून त्यांचा आवाज आला, "या मास्तर, सुपारी घ्या."

मी उंबऱ्यापाशी थबकलो. परत रांजणापाशी गेलो, हात-पाय धुतले, चूळ भरली, आणि मग आत गेलो.